घाट, रूळ आणि डांबर

गोंदिया जिल्ह्याची वरची कड दोन नद्यांनी आखली आहे. सिवनीच्या डोंगरांतून निघालेली वैनगंगा बालाघाटवरून खाली उतरते. दक्षिणेकडून, चिचगडच्या डोंगराळ भागातून, बाघ नदी उत्तरेकडे वाहत येते. गोंदिया तालुक्याच्या टोकाला बिरसोल्याच्या संगमघाटावर या दोघी भेटतात. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा. बिरसोला, कासा, काटी, डांगोरली ही याच पट्ट्यातली गावे. इथून मुंबई रेल्वेने हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि समोरच्या काठावरचे गाव हाकेच्या अंतरावर. तरीही पावसाळ्यात पुष्कळदा मुंबई गाठणे सोपे आणि समोरचे गाव गाठणे अवघड असते.

या गावांच्या दळणवळणाची गोष्ट 'आधी बैलगाडी होती, मग मोटार आली' एवढ्यावर आटोपता येत नाही. प्रत्येक नव्या साधनाने इथल्या माणसाचे तोंड वेगळ्या दिशेला वळवले. घाट होता तेव्हा गाव नदीकडे पाहत असे. रूळ आले तसे ते गोंदियाकडे पाहू लागले, आणि डांबरी सडक आली तेव्हा तहसील आणि जिल्ह्याच्या कचेरीकडे. नदीपलीकडची नाती मात्र जिथल्या तिथे राहिली. पोवार, लोधी, ढिवर, कुणबी, गोंड अशा सगळ्याच समाजांचे रोटीबेटीचे व्यवहार दोन्ही काठांवर पसरलेले आहेत. त्या नात्यांच्या आड नदी कधी आली नाही. आड आला तो रस्त्यांचा आराखडा.

आजचा बालाघाट जिल्हा १८६७ साली तयार झाला. मंडला, सिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे तुकडे जोडून इंग्रजांनी तो उभा केला. त्याआधी नदीपलीकडचा बराचसा सपाट मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. जिल्हे वेगळे झाल्यावरही प्रांत एकच होता आणि दोन्ही काठांची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा एका काठाची राजधानी भोपाळ झाली आणि दुसऱ्याची मुंबई. म्हणजे या नदीला राज्याची सीमा होऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. तिच्यावरचे घाट त्याहून कितीतरी जुने आहेत.

हा सगळा धानाचा मुलूख आहे. धान पिकवायचे तर शेतात पाणी अडवावे लागते, म्हणून जमिनीचे लहान लहान तुकडे पाडून त्यांना बांध घालतात. त्या तुकड्यांना इथे बांधी म्हणतात. आषाढापासून कार्तिकापर्यंत बांध्यांत पाणी साचलेले असते. रोवणीनंतर बैलबंडी घरून निघाली तरी जाणार कुठून? गावाबाहेरची पांदण दोन्ही बाजूंच्या बांध्यांपेक्षा खोल असते, त्यामुळे शिवारातले पाणी तिच्यातच उतरते. ज्वारी-कापसाच्या प्रदेशात पावसाळ्यात चिखल होतो, तरी उघडीप मिळाली की गाडी चालते. धानपट्ट्यात चार महिने वाटच बंद. माणूस धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पायी जाई, डोक्यावर ओझे किंवा खांद्यावर कावड. आजारी माणसाला खाटेवर घालून चौघे उचलत.

म्हणूनच या भागाचे सगळे सार्वजनिक जीवन दिवाळीनंतर जागे होते. धान कापून झाले, बांध्या सुकल्या की त्यांच्यातूनच बंड्यांच्या वाटा पडतात. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते, झाडीपट्टीची, म्हणजे याच पूर्व विदर्भाची, नाटके सुरू होतात, पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, मग लग्नसराई. याचे कारण पिकाचा पैसा हातात येतो हे आहेच, पण वाट मोकळी होते हेही तितकेच खरे आहे. नातेवाईक येणार कसे, नाटक मंडळींचे सामान पोचणार कसे, याचे उत्तर कोरड्या जमिनीतच होते. झाडीपट्टीच्या उत्सवांचे वेळापत्रक समजून घ्यायचे तर आधी तिथल्या पांदणी समजून घ्याव्या लागतात.

बंडीचेही प्रकार होते. ओझ्याला मोठी खाचर, माणसांना हलकी रेंगी किंवा छकडा. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आखाला वंगण. गावातला सुतार आणि लोहार यांच्या हातून ती घडे आणि मोडली तर त्यांच्याच हातून दुरुस्त होई. वाहनाची सगळी विद्या गावातच असणे ही मोठी गोष्ट होती. नंतरच्या कुठल्याच वाहनाने ती गावाला परत दिली नाही.

लांबच्या व्यापाराला मात्र बंडी पुरत नसे. ते काम बंजाऱ्यांच्या तांड्यांचे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून शेकडो बैलांचे तांडे छत्तीसगडातून धान्य बाहेर काढत आणि परतताना मीठ आणत. पाठीवर माल असलेल्या बैलाला रस्ता लागत नाही, पायवाट पुरते, उतार असेल तिथे तो नदीतूनही जातो. त्यामुळे रस्ते नसतानाही व्यापार होता. पण तो महाग होता आणि अवजड, स्वस्त मालाला परवडणारा नव्हता. एका मुलखात धान कुजत असताना शेजारच्या मुलखात उपासमार व्हायची ती यामुळेच.

आता घाटाकडे येऊ. घाट कुठेही होत नाही. दोन्ही काठांना उतरायला सोपी आणि टणक जागा हवी, मधे खडक नकोत, प्रवाह फार ओढीचा नको. अशा मोजक्याच जागा असतात आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असतात. डोंगा हाकायचे काम ढिवरांचे. मूळचा डोंगा म्हणजे एकाच जाड खोडाला कोरून केलेली अरुंद नाव, पुढे फळ्यांच्या नावा आल्या. उथळ पाण्यात लांब बांबू तळाला टेकवून रेटा द्यायचा, बांबू पुरेना झाला की वल्हे. भरल्या नदीत डोंगा समोरच्या घाटाच्या रोखाने सोडत नाहीत. आधी काठाकाठाने तो प्रवाहाविरुद्ध बराच वर न्यायचा आणि मग तिरपा सोडायचा, म्हणजे पाणी खाली ओढत नेते तेवढ्यात तो नेमका घाटाला लागतो. किती वर जायचे हे त्या दिवशीच्या पाण्यावर अवलंबून. पाण्याचा रंग, वाहत येणारा पालापाचोळा, भोवऱ्यांची जागा हे पाहून नावाडी तो अंदाज बांधतो. या ज्ञानाची कुठे शाळा नव्हती. बाप मुलाला शिकवी.

बंडी पलीकडे न्यायची असेल तर दोन डोंगे शेजारी बांधून त्यांवर फळ्या टाकत, बंडी त्यावर चढे आणि बैल शेजारून पोहत. उन्हाळ्यात नदीचे पात्र आटले की वेगळा त्रास: पाणी गुडघाभर, पण वाळू विस्तीर्ण. वाळूत चाक रुतते म्हणून तिच्यावर तणस आणि डहाळ्या पसरून वाट करत. नावाड्याची मजुरी काही गावांत दर फेरीला नसे, तर वर्षातून एकदा खळ्यावर धान मिळे.

इंग्रजी अमलात या व्यवस्थेवर कायद्याचा शिक्का बसला. मध्य प्रांताला १८७८ चा उत्तर हिंदुस्थानातील तरींचा कायदा लागू होता. एखाद्या घाटाला सार्वजनिक तर, म्हणजे नावेने उतरण्याची जागा, म्हणून जाहीर करायचे, तिथल्या उताऱ्याच्या वसुलीचा लिलाव करायचा, माणूस, जनावर, गाडी यांचे दर ठरवून त्यांचा तक्ता घाटावर लावायचा, अशी त्याची पद्धत. नावांची संख्या, त्यांची स्थिती, एका वेळी किती माणसे-जनावरे घ्यायची, याचे नियम करण्याचा अधिकारही सरकारला होता. घाटावरून जाणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच विचारला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वैनगंगेला खुद्द हमरस्ता करण्याचाही एक मोठा बेत झाला होता. गोदावरीवर धवलेश्वरमचे धरण बांधणारा आर्थर कॉटन हा जलमार्गांचा कट्टर पुरस्कर्ता. गोदावरी, प्राणहिता आणि पुढे वर्धा-वैनगंगा अशा मार्गाने नागपूर-वऱ्हाडचा कापूस बोटींनी थेट पूर्व किनाऱ्याला न्यावा, अशी कल्पना होती. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६० च्या दशकात तिला जोरदार पाठिंबा दिला. वाटेत दुम्मागुडम, इंचमपल्ली आणि देवलमरी इथे खडकांच्या तीन मोठ्या आडव्या रांगा होत्या. त्या टाळण्यासाठी कालवे आणि झडपा बांधायला सुरुवात झाली. पण १८६७ साली मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये जलमार्गाचे काम थांबवण्यात आले. पावसाळ्यात बेफाम आणि उन्हाळ्यात गुडघाभर अशा नदीत बारमाही बोटी चालणे अवघडच होते. त्यामुळे बेत सोडला यात चूक झाली असे मला वाटत नाही. पण त्याबरोबर नदीवरच्या वाहतुकीत पैसा घालायचा विचारच संपला, आणि लहान घाटांच्या सुधारणेकडेही पुन्हा कुणी वळले नाही, हे नुकसान मोठे आहे.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने सरकारला एक गोष्ट शिकवली: छत्तीसगडातला तांदूळ बाहेर काढणारी रेल्वे हवी. नागपूर-छत्तीसगड रेल्वे मीटरगेजवर बांधली गेली, ती १८८० ते १८८२ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू होऊन राजनांदगावपर्यंत गेली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग घेऊन ब्रॉडगेज केला आणि १८९१ पर्यंत तो बिलासपूरमार्गे आसनसोलशी जोडला. गोंदिया हे या मार्गावरचे एक स्टेशन. नागपूरहून रायपूरकडे जाणारी जुनी मोठी सडक, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड, भंडारा-साकोली-देवरीवरून जाते. ती गोंदियाच्या बरीच दक्षिणेला राहिली. म्हणून उत्तरेकडच्या नदीकाठच्या गावांना बाहेरच्या जगाशी पहिल्यांदा जोडले ते सडकेने नव्हे, रुळाने.

गोंदियाचे नशीब उजळले ते दुसऱ्या लाईनीने. १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत सातपुडा रेल्वेची नॅरोगेज लाईन टाकण्यात आली. दोन रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. डोंगराळ, जंगली मुलखात अरुंद रूळ स्वस्त पडतात, कारण वळणे अधिक तीव्र घेता येतात, पूल आणि भराव लहान लागतात, इंजिन-डबे हलके असतात. गोंदियाहून उत्तरेला निघालेली ही लाईन बिरसोल्यावरून बाघ ओलांडून बालाघाटात शिरते. १९०८ मध्ये दक्षिणेकडे नागभीडपर्यंतची नॅरोगेजही सुरू झाली आणि गोंदिया जंक्शन झाले.

इथे एक तांत्रिक बाब समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यावर एक शहर उभे राहिले. नॅरोगेजचा डबा १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर चढू शकत नाही. त्यामुळे जबलपूर-बालाघाटकडून आलेला सगळा माल गोंदियात उतरवून मोठ्या डब्यांत भरावा लागे. साल आणि सागाचे लाकूड, बालाघाटच्या खाणींतले मँगनीज, धान, तेंदूपाने, लाख, सगळे हमालांच्या पाठीवरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाई. रेल्वेच्या हिशेबात हा तोटा होता. पण माल जिथे थांबतो तिथे गोदाम उभे राहते, गोदामाजवळ व्यापारी येतो, व्यापाऱ्याजवळ गिरणी येते. गोंदियाच्या भातगिरण्या आणि विड्यांचे कारखाने यांच्यामागे आजूबाजूचे धान आणि जंगल आहे, तसेच हे दोन मापांचे रूळही आहेत.

नदीकाठच्या गावांसाठी ही 'छोटी लाईन' म्हणजे नदीवरचा पहिला असा पूल, जो पावसाळ्यातही चालू असे. गाडी संथ होती, सायकलस्वाराने शर्यत लावावी इतकी, पण ती रोज यायची. दूधवाले, भाजीवाल्या बाया, लाकडाच्या मोळ्या, गोंदियाच्या दवाखान्यात निघालेले रुग्ण, बालाघाटकडच्या सोयरिकीला निघालेले वऱ्हाड, सगळ्यांना ती परवडत असे. स्टेशनच्या गावाला जगाची वेळ समजू लागली. पण स्टेशनपासून चार कोस आत असलेल्या गावाला तिचा उपयोग आठ महिन्यांपुरताच, कारण स्टेशनापर्यंत जायचे तर पुन्हा तीच बुडालेली पांदण आडवी येई. एकाच नदीच्या काठी, एकाच भाषेत बोलणाऱ्या शेजारच्या दोन गावांत सुबत्तेचा जो फरक पडत गेला, त्याची सुरुवात इथे आहे.

पुढे नागभीड-चंद्रपूरकडची लाईन १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली. गोंदिया-बालाघाट टप्पा २००५ च्या सुमारास रुंद झाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये जबलपूर-नैनपूर नॅरोगेज बंद झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत गोंदिया ते जबलपूर सलग ब्रॉडगेज तयार झाले. आता उत्तर आणि दक्षिण भारताला जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या या मार्गाने जाऊ शकतात. देशासाठी ही मोठी सोय आहे, त्यात वाद नाही. फक्त लांब पल्ल्याची गाडी लहान स्टेशनावर थांबत नाही, आणि लहान गावाच्या दृष्टीने रेल्वे म्हणजे थांबणारी गाडी.

डांबरी सडकेचा काळ राज्य बदलल्यानंतरचा. १ जून १९४८ ला एसटीची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला गेली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यातच नव्हता. १९५६ नंतर हा भाग आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तेव्हा हळूहळू लाल गाडी इकडे पोचली. रस्ते, बस, पूल यांचे पैसे राज्य आणि जिल्हा परिषद देते, म्हणून सगळे रस्ते आपापल्या मुख्यालयाकडे धावू लागले. महाराष्ट्रातल्या गावाचा रस्ता गोंदियाला, समोरच्या गावाचा बालाघाट किंवा वारासिवनीला. दोन्हींच्या मधले नदीचे पात्र कुणाच्याच आराखड्यात बसेना. पूर्वी गावाच्या दारात असलेला घाट असा मागच्या अंगणात गेला.

मुख्यालयाची वाटही फार सोपी नव्हती. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत जिल्ह्याचे ठिकाण भंडारा. कोर्टाची तारीख असो की जिल्हा कचेरीचा कागद, नदीकाठच्या माणसाने आधी गोंदियाला यायचे, तिथून गाडीने भंडारा रोड स्टेशनला उतरायचे आणि तिथून पुन्हा दहाएक किलोमीटर भंडारा शहरात जायचे. एका कागदासाठी दोन दिवस मोडत. नव्या जिल्ह्याने या गावांचे जे भले केले ते कुठल्याही एका पुलाने केले नसेल.

सायकलीचे श्रेय मात्र आपण फारच कमी देतो. १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास आणि १९५६ मध्ये लुधियानात हीरो हे कारखाने निघाले आणि सायकल सामान्य कास्तकाराच्या आवाक्यात येऊ लागली. सायकल धुऱ्यावरून हातात धरून नेता येते, डोंग्यात घालता येते, रेल्वेच्या डब्याला टांगता येते. पांदण, घाट आणि रूळ या तिन्हींना जोडणारे हे एकच वाहन होते. १९५८ साली मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि जिल्ह्यात शाळा-महाविद्यालये उभी राहिली. त्यांत शिकलेली खेड्यांतली एक सबंध पिढी सायकलवरून आली. मुली मात्र बरीच वर्षे मागे राहिल्या. त्यांच्यासाठी एसटीची मोफत पास योजना आली आणि २०११-१२ पासून मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या शाळेच्या वेळेला खेड्यांत येऊ लागल्या. आठवीनंतर घरी बसणारी मुलगी बारावीपर्यंत पोचली, यात त्या बसचा वाटा फार मोठा आहे. ही बस एखाद्या गावाला वेळेवर आली नाही तर नुसती फेरी चुकत नाही, एका मुलीचे वर्ष पणाला लागते. त्या बसच्या वेळापत्रकावर गावाने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे.

डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने पाचशेहून अधिक वस्तीच्या आणि आदिवासी भागात अडीचशेहून अधिक वस्तीच्या, रस्त्याने न जोडलेल्या गावांना बारमाही रस्ता द्यायचे ठरवले. 'बारमाही' हा त्यातला कळीचा शब्द. धानपट्ट्यात असा रस्ता करायचा तर तो बांध्यांपेक्षा उंच भरावावर घ्यावा लागतो आणि पाणी इकडून तिकडे जायला जागोजागी मोऱ्या ठेवाव्या लागतात. मोऱ्या कमी ठेवल्या तर तोच रस्ता धरणाच्या भिंतीसारखा पाणी अडवतो आणि वरच्या अंगाचे धान कुजते. गावकरी रस्ता फोडतात तेव्हा त्यांना रस्ता नकोसा असतो असे नाही, बहुतेक वेळा मोरी विसरलेली असते. दुसरे संकट रेतीचे. नदीच्या पात्रातली रेती भरून जाणारे जड टिप्पर हलक्या वाहतुकीसाठी बांधलेल्या या सडका एका हंगामात उखडून टाकतात.

सडक आल्यावर ट्रॅक्टर आला आणि बंडी झपाट्याने गेली. धानाचे कट्टे आता ट्रॉलीतून खरेदी केंद्रावर जातात. काळी-पिवळी जीप, ऑटो आणि मोटारसायकल यांनी एसटीची वाट पाहणे संपवले. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळू लागली, खाटेवरून रुग्ण नेणे बरेच कमी झाले. बैल गेले तसे बंडी घडवणारे सुतारही गेले.

आणि तरीही नदी दरवर्षी आपले म्हणणे सांगून जाते. संगमाजवळचा पूर कसा चढतो हे समजून घ्यायला हवे. वैनगंगा तुडुंब भरली की बाघेचे पाणी तिच्यात उतरू शकत नाही, ते मागे फुगते. बाघेच्या फुगाऱ्याने तिला मिळणारे नालेही उलटे भरतात. त्यामुळे गावापर्यंत नदी पोचायच्या आधीच गावाच्या मागच्या नाल्यावरचा लहान पूल किंवा रपटा बुडतो आणि सडक तुटते. वैनगंगेवर वर भीमगडचे संजय सरोवर आहे, बाघेच्या खोऱ्यात सिरपूर, पुजारीटोला आणि कालीसराड ही धरणे. मुसळधार पावसात यांचे दरवाजे एकाच सुमारास उघडले तर खालच्या गावांना तयारीला वेळ मिळत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या पुरात वैनगंगेच्या काठची गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली जिल्ह्यांतली अनेक गावे पाण्याने वेढली गेली. अशा दिवशी डांबरी सडक, मोटारसायकल, रुग्णवाहिका काही कामाचे राहत नाही. लोकांना बाहेर काढते ती बोटच.

याच गोंदिया तालुक्यात बिरसीला विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या या धावपट्टीवर आज वैमानिक घडवणारी राष्ट्रीय संस्था चालते. मार्च २०२२ मध्ये इथून प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबाद-तिरुपतीकडची सेवाही. गोंदिया शहराला पिण्याचे पाणी डांगोरलीजवळ वैनगंगेतूनच उचलले जाते. एवढे सगळे होत असताना काही घाटांवर अजूनही डोंगा चालतो, कारण समोरच्या गावी सडकेने जायचे तर लांबचा पूल गाठून मोठा वळसा पडतो. लग्नाचे निमंत्रण, बाजार, मजुरी, तेराव्याचे जेवण, शेताचा पलीकडे राहिलेला तुकडा, ही कामे आजही नदी ओलांडूनच होतात. संगमावर कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते, तीही दोन्ही काठांची. काठच्या धानाच्या बांध्यांत सारस पक्षी घरटी करतात आणि ते दोन्ही राज्यांत चरतात. गोंदिया-बालाघाटच्या सारसांची गणना म्हणूनच दोन्ही काठांवर करावी लागते. पक्ष्यांच्या बाबतीत दोन जिल्ह्यांना एकत्र काम करता येते, तर माणसांच्या बाबतीतही करता यायला हवे.

जानेवारी २०२४ मध्ये याच वैनगंगेवर, खाली गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ, मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या स्त्रियांचा डोंगा उलटला आणि सहा जणींचा जीव गेला. हिवाळ्याचे दिवस होते, पूर नव्हता. अशा बातमीनंतर 'तिथे पूल हवा' एवढेच बोलले जाते. पूल हवेतच, पण प्रत्येक घाटावर पूल होणार नाही हेही खरे आहे. मग जिथे डोंगा चालणार आहे तिथे तो सुरक्षित चालवणे हे आजचे काम आहे. नावाड्याची नोंद, नावेची दरवर्षी तपासणी, किती माणसे बसायची याची ठळक पाटी, माणशी एक जीवरक्षक जॅकेट, आणि धरणातून पाणी सोडताना घाटावर पोचणारी सूचना. यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही. गोंदिया आणि बालाघाटच्या दोन जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून ठरवले, तर येत्या पावसाळ्याच्या आत हे होऊ शकते. नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी आपापल्या घाटासाठी तसा ठराव करून दोन्ही कचेऱ्यांना पाठवावा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.